वकील लावायचाय? वकीलपत्रावर सही करायच्या आधी एवढं बघा

आधीच सांगतो, मी वकील नाही. तालुका कोर्टासमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आपलं, दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं दिवसभर हाताखालून जातात, आणि कागद टाईप होईपर्यंत बाकावर बसलेला माणूस हमखास विचारतो, "भाऊ, इथं चांगला वकील कोण हो?" नाव मी कुणाचंच सांगत नाही, उद्या केस हरली की शिव्या मला. पण वकील कसा बघायचा, पैसे कसे ठरवायचे आणि नंतर आपल्या केसवर लक्ष कसं ठेवायचं हे सांगतो, कारण रखडलेल्या कितीतरी केसेसमध्ये वकील वाईट नव्हता, पक्षकार सही करून घरी जाऊन झोपला होता. उदाहरणं जमिनीच्या वाटपाची जास्त येतील, आमच्याकडं तेच जास्त येतं.

मुळात वकील लागतोच का?

दरवेळी नाही. ग्राहक आयोगात स्वतःची तक्रार स्वतः चालवता येते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फीसुद्धा नाही. फॅमिली कोर्टात तर वकील हा हक्क म्हणून मिळतच नाही, १९८४ च्या कायद्यातच तसं आहे, कोर्टाच्या परवानगीनं वकील उभा राहतो (प्रत्यक्षात परवानगी मिळते बहुतेक, पण माहीत असलेलं बरं).

आता वकिलाची नोटीस आली आणि कोर्टाचं समन्स आलं ह्यात लोक कायम गोंधळ घालतात. वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्याचं पत्र, उत्तर द्या, पण घर डोक्यावर घेऊ नका. समन्स आलं की मात्र दिवस मोजायला सुरुवात करायची. दिवाणी दाव्यात कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, कारण दाखवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळते, त्याच्या पुढे गेलात तर कोर्टाच्या हातापाया पडावं लागतं. काहीजण बेलिफ (समन्स घेऊन येणारा कोर्टाचा माणूस) आला की मागच्या दारानं पसार होतात आणि वाटतं वाचलो, अहो तो समन्स दारावर डकवून जातो, पंचनामा करतो आणि केस तुमच्याशिवाय एकतर्फी चालू. चेक बाऊन्सचं तर ह्याहून घाईचं आहे, बँकेचा रिटर्न मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि ते संपले की एका महिन्यात कोर्टात तक्रार. ह्यात "पुढच्या महिन्यात बघू" म्हणणाऱ्यानं हातातली केस घालवलीच समजा.

कोणता वकील बघायचा?

ज्या कामाचा त्याचा. तलाठ्यानं फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावाचा बदल) चुकीचा नोंदवला, मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केला, तर अपील प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं), म्हणजे काम महसूलचं. पण जमीन कुणाची, वाटा किती, हा मालकीचा वाद असेल तर तो दिवाणी कोर्टात, फेरफारानं मालकी ठरत नाही. बरेच लोक वर्षानुवर्षं प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त असे चढत जातात आणि शेवटी तिथून ऐकायला मिळतं की दिवाणी कोर्टात जा. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, साहेब हे काम महसूलचं का दिवाणीचं, आणि तुम्ही ह्यातलं नेहमी कुठलं करता? फौजदारीत नाव असलेला वकील वाटपाचा दावा चालवू शकत नाही असं नाही, सनद (वकिलीचा परवाना) एकच असते, पण ज्यानं रोज जामिनाचीच कामं केलीत त्याच्याकडं वंशावळ घेऊन जायचं म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरला गुडघा दाखवायचा.

एक साधी ट्रिक आहे जी फारसं कुणी वापरत नाही. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं ॲप आहे ना, त्यात केस शोधायला वकिलाच्या नावाचा पर्याय आहे. कोर्ट निवडा, वकिलाचं नाव टाका, त्या कोर्टात त्यांच्या चालू केसेस कुठल्या प्रकारच्या आहेत ते दिसतं. हरलेले-जिंकलेले मोजत बसू नका, त्यातून काही कळत नाही, कमजोर केस चांगला वकीलही हरतो. फक्त एवढंच बघा की आपल्यासारखं काम तो माणूस करतो का.

सनद खरी का, ही शंका सहसा येत नाही, पण आली तर लाजू नका. नंबर महा/ आकडा/ वर्ष असा असतो आणि वकीलपत्रावर लिहिलेला असतो, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडं चौकशी करता येते. मोठे बोर्ड, रील्स, "१०० टक्के जामीन" असल्या जाहिराती बघून जाऊ नका, वकिलांना जाहिरात करायची मुभाच नाही. कोर्टाच्या गेटवर "कुणाकडं आलाय, चला मी घेऊन जातो" म्हणणाऱ्यापासून तर दोन हात लांबच.

हायकोर्टाचं प्रकरण असेल तर आपला तालुक्याचा वकील तिथला कुणीतरी सुचवतो, तो घ्यायलाच पाहिजे असं बंधन नाही. आणि एक बदल झालाय, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना प्रत्येक तारखेला मुंबई गाठायची गरज राहिली नाही. वकील बघतानाही मग मुंबईचाच पाहिजे हा हट्ट सोडा, दर तारखेच्या प्रवासाचा खर्च शेवटी तुमच्याच बिलात येतो. सिनियर कौन्सेल (कोर्टानं ज्येष्ठ म्हणून नेमलेला वकील) लावायचा विचार असेल तर तो थेट तुमचं वकीलपत्र घेत नाही, मधे दुसरा वकील लागतोच, म्हणजे फी दोन ठिकाणी.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

पिशवीभर कागद टेबलावर ओतायचे नाहीत. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, खरेदीखत, वंशावळ, आलेल्या नोटिसा, ह्यांच्या झेरॉक्स वर्षाप्रमाणे लावून न्या, आणि वर एक पान, त्यात तारीखवार काय झालं ते. आजोबा कधी वारले, वारस नोंद कधी लागली, कुणी कुणाला काय विकलं. ते एक पान बघून वकील दहा मिनिटांत मुद्द्यावर येतो, नाहीतर अर्धा तास काकांच्या स्वभावावर जातो. ओरिजिनल शक्यतो स्वतःजवळ ठेवा, कोर्टात दाखल करायची वेळ आली की यादीसोबत दाखल होतात आणि त्या यादीची प्रत आपल्याकडं ठेवायची. ऑफिसात द्यावेच लागले तर काय काय दिलं त्याची यादी करून त्यावर सही घ्या, ज्युनियरची चालेल.

आणि सगळं खरं सांगा हो. बहिणीनं हक्कसोडपत्र दिलंय, तुम्ही मधल्या काळात दोन गुंठे विकलेत, काकाला कोऱ्या स्टॅम्पवर सही करून दिलीय, जे असेल ते. वकिलाला सांगितलेलं त्यानं बाहेर सांगायचं नाही असं कायदाच म्हणतो. लपवलेली गोष्ट समोरच्या वकिलाला माहीत असतेच, आणि ती उलटतपासात बाहेर आली की तुमच्या वकिलाला तिथं उभ्या उभ्या काही करता येत नाही.

तुम्ही त्यांना दोन गोष्टी विचारा. एक, समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा कोणता? जो वकील ह्याचं उत्तर नीट देतो तो विचार करून बोलतोय. दोन, कोर्टात उभं कोण राहणार, तुम्ही का ज्युनियर? ज्युनियर तारीख घ्यायला उभा राहिला तर हरकत नाही, पण उलटतपास आणि युक्तिवाद कोण करणार ते आधी ठरवा. "काही काळजी करू नका, साहेबांना सांगून ठेवलंय" असं कुणी म्हणालं तर चहा प्या आणि उठा तिथून.

फी किती आणि कशी ठरवायची?

ह्याला रेट कार्ड नाही. तालुक्याला एक, जिल्ह्याला एक, मुंबईत भलतंच. पद्धती साधारण तीन, एकतर संपूर्ण केसची ठोक रक्कम, नाहीतर टप्प्याप्रमाणे (दावा दाखल करताना इतके, मनाईच्या (समोरच्याला तात्पुरतं रोखायच्या) अर्जाला इतके, पुराव्याला, युक्तिवादाला), नाहीतर तारखेप्रमाणे. माझं मत विचाराल तर दिवाणी दाव्याला टप्प्याप्रमाणे बरं पडतं. तारखेप्रमाणे ठरवलंत तर तारखा पडत राहतात आणि नुसती तारीख पुढं गेली तरी पैसे जातात, आणि ठोक रक्कम सगळी आधीच दिलीत तर तिसऱ्या वर्षी फोन उचलला जाईलच असं नाही. अर्थात ठोक घेऊन शेवटपर्यंत इमानदारीनं चालवणारेही आहेत, आमच्या समोरच बसतात.

खरी भांडणं फीवरून होत नाहीत, फीमध्ये काय धरलंय त्यावरून होतात. फी वेगळी आणि खर्च वेगळा हे डोक्यात पक्कं ठेवा. कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्रावरचा वेलफेअर फंडाचा स्टॅम्प, समन्सचा भत्ता, टायपिंग, झेरॉक्स, नकला, मोजणीला कोर्ट कमिशनर नेमला तर त्याची फी, हे सगळं वेगळं. म्हणून तीन ओळींचं व्हॉट्सॲप तरी करा, "साहेब ठरल्याप्रमाणे वाटपाच्या दाव्याची फी एवढी, त्यातले आज एवढे दिले, कोर्ट फी आणि बाकी खर्च वेगळा, अपिलाची फी ह्यात नाही." त्यांचा "ओके" आला तरी पुष्कळ झालं. पैसे यूपीआयनं द्या, रोख दिलेत तर पावती मागा. मागायला संकोच वाटतो हे मला माहितीये, पण पक्षकाराकडून आलेल्या पैशांचा हिशोब ठेवायचा, फी किती खर्च किती वेगळं दाखवायचं आणि मागितला तर द्यायचा, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे, म्हणजे तुम्ही काही उपकार मागत नाही.

अजून एक प्रकार चालतो, "आत्ता काही देऊ नका, जमीन मिळाली की त्यातले पाच गुंठे माझे." ऐकायला गोड वाटतं, खिशात पैसे नसलेल्या माणसाला तर फारच, पण हे नियमात बसत नाही. निकालावर फी ठरवायची किंवा मिळालेल्यात वाटा घ्यायचा ह्याला आपल्याकडं बंदी आहे. असं म्हणणारा वकील पुढं तडजोडीच्या वेळी तुमचा फायदा बघेल का स्वतःच्या गुंठ्यांचा, तुम्हीच सांगा.

सही करताना

वकीलपत्र छापील असतं, आमच्या दुकानात गठ्ठे आहेत, आणि ते वाचून सही करणारा माणूस क्वचितच दिसतो. वाचा एकदा. त्यात बहुतेक ठिकाणी तडजोड करणे, दावा काढून घेणे, पैसे स्वीकारणे असे अधिकार बारीक अक्षरात लिहिलेले असतात. तुम्हाला विचारल्याशिवाय तडजोड नको असेल तर तसं सांगा, ती ओळ खोडून दोघांनी सही करता येते, चांगला वकील ह्याला नाही म्हणत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही मात्र अजिबात नाही, "तुम्ही लांब राहता, परत परत कशाला येता" हे कारण कितीही बरोबर वाटलं तरी.

दाव्याचंही तेच. शेवटच्या पानावर "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे" असं असतं आणि त्याखाली सही तुमची असते, वकिलाची नाही. मजकूर इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घ्या, तालुक्याला तर मराठीतच दावा लिहून मागता येतो. पुढं उलटतपासात पहिल्या दोन-चार प्रश्नांत हे येतंच, "दाव्यातला मजकूर तुम्ही वाचून सही केली का?" नाही म्हणालात तरी अडकलात आणि न वाचता हो म्हणालात तर पुढच्या प्रश्नाला अडकलात.

तिघा भावांनी मिळून एकच वकील केला तर?

सगळ्यांचं म्हणणं एकच असेल तर खर्च वाचतो, करा. पण वाटपात आज एकत्र असलेले भाऊ रस्त्याकडचा तुकडा कुणाला ह्यावर उद्या वेगळे होतात, आणि एकाचा वकील म्हणून काम केलेल्या माणसाला त्याच केसमध्ये त्याच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. मग सगळ्यांनाच नवीन वकील, नवीन फी. बहिणींचा हिस्सा कमी दाखवायचा बेत असेल तर बहिणींनी त्याच वकिलाकडं सही करायला जाऊच नये, स्वतःचा वेगळा बघावा.

"आमचा वकील समोरच्या वकिलाबरोबर चहा पित होता"

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. काही फुटला-बिटला नाही हो तो. दोघं एकाच बाररूममध्ये बसतात, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात, आत गेले की भांडतात. संशय घ्यायचा तर दुसऱ्या गोष्टींवर घ्या, तुम्हाला तारखा न सांगणं, कागदाच्या प्रती न देणं, समोरच्याच्या अर्जावर म्हणणंच न देणं, आणि अचानक एक दिवस तडजोडीसाठी घाई करणं.

केस चाललीय का झोपलीय, कसं कळणार?

ही गोष्ट प्रत्येकानं शिकून घ्या, घरातल्या पोराला तरी शिकवा. केस दाखल झाली की तिला सीएनआर नंबर मिळतो, १६ अक्षर-आकड्यांचा, सुरुवातीची एमएच ही दोन अक्षरं महाराष्ट्राची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्ष. तो वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून सेव्ह करून ठेवा. नंबर देत नाहीत असं झालं तर तुमच्या नावानंही शोधता येतं, पण आधी स्वतःला विचारा की दावा दाखल तरी झालाय का, कारण "दाखल केलाय, नंबर पडायचाय" ह्या वाक्यावर महिनोन् महिने गेलेले मी बघितलेत.

ॲपमध्ये नुसती पुढची तारीख बघून बंद करू नका. खाली मागच्या सगळ्या तारखांची यादी असते, त्यातल्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते उघडतं. वादीचे वकील गैरहजर, मुदतीचा अर्ज मंजूर, साक्षीदार हजर नाही, जज साहेब रजेवर, असं एकेका ओळीत असतं. लागोपाठ तीन-चार तारखांना आपल्याच बाजूनं मुदत मागितलेली दिसली तर वकिलाला जाऊन भेटा आणि शांतपणे विचारा का ते. कधीकधी कारण खरं असतं, आणि पुष्कळदा कारण तुम्हीच असता, सांगितलेला उतारा अजून आणून दिलेला नसतो. समोरचाच मुदती मागत असेल तर कोर्टानं त्याच्यावर खर्च बसवावा अशी मागणी करायला वकिलाला सांगा.

फोन किती करायचे? तारखेच्या आदल्या दिवशी एक, तारीख झाल्यावर संध्याकाळी एक. अकरा ते दोन वकील कोर्टात असतो, तेव्हा बारा मिस्ड कॉल देऊन "उचलत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲपवर मोठ्ठाले व्हॉइस मेसेज पण नकोत, दोन ओळी लिहा.

पैसेच नसतील तर?

प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती आहे, कोर्टाच्याच आवारात ऑफिस असतं. बाईमाणसाला, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, दिव्यांगांना, कारखान्यातल्या कामगाराला, कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. फोन नंबर १५१००. "फुकटचा वकील काय कामाचा" असं लोक म्हणतात, पण पॅनलवरचे वकील तेच असतात जे बाहेर फी घेऊन चालवतात, काही मन लावून काम करतात काही नाही, बाहेरही तसंच आहे. पटत नसेल तर बदलून मागता येतो.

शिवाय बायकांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा, घटस्फोट ह्या केसेसमध्ये. वाटपाच्या दाव्यात बहीण वादी असेल तर हा मुद्दा दावा टाईप व्हायच्या आधी वकिलाला आठवण करून द्या.

पटत नसेल तर वकील बदलता येतो का?

कधीही. पद्धत अशी की नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाची ना हरकत घ्यायची. राहिलेली फी रास्त असेल तर देऊन मोकळे व्हा, भांडण वाढवू नका. ते ना हरकत देत नसतील तर कारण लिहून कोर्टाकडं अर्ज करता येतो. आणि फी राहिलीय म्हणून केसचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. फीसाठी वकिलानं वेगळी वसुली करावी, फाईल द्यायची म्हणजे द्यायची. मात्र ऐन युक्तिवादाच्या तोंडावर वकील बदलू नका, नवीन माणसाला फाईल वाचायला वेळ लागतो आणि कोर्ट दरवेळी तो देत नाही.

पैसे खाल्ले, खोटी सही केली, समोरच्याला जाऊन मिळाला, असं खरंच काही झालं असेल तर तक्रार बार कौन्सिलकडं, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली. पूर्वी लोक ग्राहक मंचात जायचे, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रस्ता बंद केला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही म्हणाले. मला स्वतःला हा निकाल फारसा पटला नाही, पण आहे तो आहे. आणि नुसती केस हरली म्हणून तक्रार करू नका, ती टिकत नाही.

निकाल लागला की लगेच

जिंकलात किंवा हरलात, त्याच दिवशी नकलेचा (निकालाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीचा) अर्ज टाका. पेढे वाटणं किंवा रडणं नंतर. जिल्हा कोर्टात अपील ३० दिवसांत, हायकोर्टात ९० दिवसांत, आणि नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा मिळतात, पण अर्ज टाकलेला असला तरच. जिंकलेल्यानं पण थांबायचं नाही, समोरचा वर जाऊन गुपचूप स्टे आणेल अशी शंका असेल तर वरच्या कोर्टात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम नको असा अर्ज) टाकून ठेवा, ते ९० दिवस चालतं, मग तुम्हाला कळवल्याशिवाय एकतर्फी हुकूम सहसा होत नाही. अपिलाची फी वेगळी ठरते, वकीलपत्रही नवीन, तेव्हा ते व्हॉट्सॲप परत एकदा करावं लागेल.